पॅटर्न होण्याआधीचे शिरपूर

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात २००४ साली जे काम सुरू झाले, त्याची गोष्ट महाराष्ट्राने पुढची दहा-बारा वर्षे पुन्हापुन्हा सांगितली. सांगताना दरवेळी ती थोडी आटत गेली. शेवटी उरले ते पोकलेन, खोल खणलेला नाला आणि त्यात तुडुंब साठलेल्या पाण्याचा फोटो. मूळ गोष्टीत एक निवृत्त सरकारी भूवैज्ञानिक होता आणि त्याला ठाऊक असलेले या तालुक्याच्या पोटातले थर होते. भूवैज्ञानिकाचे नाव लोकांच्या लक्षात राहिले, थर मात्र सर्वांत आधी गळाले.

सुरेश खानापूरकर हे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेतून वरिष्ठ भूवैज्ञानिक म्हणून निवृत्त झाले. हे खाते सामान्य माणसाला फारसे माहीत नसते. तहसील, पोलीस ठाणे, पाटबंधारे, वन ही खाती गावाला ओळखीची. भूजलवाले गावात येतात ते उन्हाळ्यात, बोअर कुठे घ्यायचा ते सांगायला. पाणी लागले तर गावाचे नशीब, नाही लागले तर साहेबाचे शास्त्र खोटे! पानाड्याला गाव माफ करते, भूवैज्ञानिकाला करत नाही.

खात्याचा जन्म १९७२च्या दुष्काळाच्या आसपासचा. तोपर्यंत महाराष्ट्रात पाणी म्हणजे नदी, तलाव आणि विहीर. काळ्या पाषाणात दीडदोनशे फूट खोल भोक पाडून पाणी काढता येते, हे खेड्यापाड्यांत रुजले ते त्या दुष्काळाच्या धक्क्याने. युनिसेफच्या मदतीने वेगाने खोदणारी यंत्रे आली आणि गावोगाव हापसे उभे राहिले. जालना आणि सोलापूरकडे ख्रिस्ती मिशनमधल्या लोकांनी सुधारून मजबूत केलेल्या पंपांतूनच पुढे ‘इंडिया मार्क टू’ हा हापसा घडला आणि तो देशभर, देशाबाहेरही गेला. त्या पिढीच्या भूवैज्ञानिकांचे बहुतेक आयुष्य या हापशांच्या मागे गेले. पिण्याचे पाणी हे पहिले काम, बाकी सगळे नंतर.

दुसरे काम मोजणीचे. राज्यभर ठरवून दिलेल्या निरीक्षण विहिरी असतात. जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा त्यांची पातळी घ्यायची. जुनी रीत साधी होती. पोलादी टेपच्या टोकाला खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, ती पाण्यात बुडाली की काठाशी आकडा धरून ठेवायचा आणि वर ओढून खडू कुठवर भिजला ते पाहायचे. काठाच्या आकड्यातून भिजलेली लांबी वजा केली की पाणी किती खाली आहे ते कळते. चार आकड्यांत विहिरीचे वर्ष मावते. अशी वीस-पंचवीस वर्षे एका खोऱ्यात फिरलेल्या माणसाला कोणत्या शिवारातली माती पाणी पिते आणि कोणत्या शिवारातली नुसती ओली होते, हे नकाशा न उघडता सांगता येते. खानापूरकरांचे शिरपुरातले काम समजून घ्यायचे तर सुरुवात या कंटाळवाण्या नोंदींपासून करावी लागते. पोकलेन त्यानंतर येतो.

या खात्याच्या हाती पुढे कायदाही आला. १९९३च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घातले. त्यात भूवैज्ञानिकाचे मत लागायचे. एखादे पाणलोट क्षेत्र अतिशोषित ठरले की तिथे विहिरीसाठी बँकेचे कर्ज मिळणे मुश्कील व्हायचे. म्हणजे अधिकाऱ्याला ‘नाही’ म्हणायचा अधिकार मिळाला. ‘करा’ म्हणण्यासाठी लागणारा पैसा मात्र दुसऱ्या खात्यांकडे राहिला. धरण आणि पाट पाटबंधाऱ्यांचे, पाझर तलाव लघुपाटबंधाऱ्यांचे किंवा जिल्हा परिषदेचे, नालाबांध कृषीवाल्यांचे. एकच पाऊस जमिनीवरून धावला तर त्याची फाइल एका कचेरीत, जमिनीत मुरला तर दुसऱ्या कचेरीत. माझ्या मते शिरपूरच्या कामाचे अर्धे श्रेय या विभागणीतून मोकळे होण्याला आहे. खुर्ची सुटली, तेव्हा त्या माणसाला पाण्याचा अख्खा प्रवास एकट्याने हाताळता आला.

आता जमीन. सातपुडा आणि दक्षिणेकडच्या सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा यांच्यामध्ये तापीचे खोरे पश्चिमेकडे उतरत जाते. महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. तापीच्या काठाने मात्र गाळाचा जाड पट्टा आहे, शेकडो फूट खोल. चोपडा, यावल, रावेर हा जळगाव जिल्ह्यातला केळीचा मुलूख त्याच पट्ट्यावर उभा आहे आणि शिरपूर तालुक्याचा काही भागही त्यातच येतो. तालुक्याच्या उरलेल्या भागात पाषाण आहे. म्हणजे एकाच तालुक्यात पाण्याची दोन वेगळी घरे.

गाळाचा मुलूख वरून पाहिला तर देवाने हात सैल सोडलेला. खाली वाळू आणि रेतीचे थर आहेत, त्यांत भरपूर पाणी मावते. पण त्या थरांच्या मध्ये आणि वर चिकण पिवळ्या मातीचे थर बसलेले आहेत आणि ते पाणी खाली जाऊ देत नाहीत. पाऊस पडतो, वरची माती भिजते, बाकीचे पाणी नाल्याने तापीत आणि तापीने गुजरातमधल्या उकाईच्या धरणात. खानदेशात कोणत्याही बसस्टँडवर ‘आमचं पाणी गुजरातला जातं’ हे वाक्य ऐकायला मिळते. त्यात राजकारण आहे तसा भूगोलही आहे. वरून भरणा होत नाही आणि खालून उपसा थांबत नाही. विहिरी आटल्या, मग विहिरीत आडवे बोअर मारले, मग सबमर्सिबल पंप आले आणि विंधन विहिरी कित्येकशे फुटांवर गेल्या. केळीला वर्षभर पाणी लागते. ठिबक आले, तसे थेंबाथेंबाने वाचलेले पाणी वाढलेल्या क्षेत्राने पिऊन टाकले. ठिबकाला दोष द्यायचा नाही. तेवढ्याने तळ वर येत नाही, एवढेच.

खानापूरकर हे खानदेशात पाण्याच्या कामावर आलेले काही पहिले सरकारी माणूस नव्हेत. १८८४ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातून पहिले येऊन मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहाय्यक अभियंता झाले, तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या नेमणुकीत खानदेश होता. धुळ्याच्या पश्चिमेला दातर्ती गावाजवळ पांझरा नदीच्या पाटासाठी नळांचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्यावर आले. पावसाळा तोंडावर होता, नदी वाळू आणून टाकत होती. काम पुढे ढकलावे असे या नव्या अधिकाऱ्याने वरिष्ठांना लिहिले. उत्तरात शिस्तीची आठवण करून देण्यात आली. मग त्यांनी ते काम त्याच पावसाळ्यात पुरे केले. पुढे म्हैसूरचे दिवाण झालेल्या माणसाच्या नोकरीची सुरुवात पांझरेच्या गढूळ पाण्यात झाली, याचे धुळेकरांना आजही अप्रूप आहे.

त्या पांझरेवर लोकांनी तीन-चारशे वर्षांपूर्वीच आपला कारभार बसवलेला होता. नदीवर ओळीने बंधारे, बंधाऱ्यातून पाट, पाटातून चारी, चारीतून सारंग, आणि जास्तीचे पाणी परत नदीला सोडणारे सांडम. लाभक्षेत्राचे तीन-चार फड पाडलेले. एका फडात त्या वर्षी सगळ्यांचा ऊस, दुसऱ्यात सगळ्यांचा हंगामी माल, पुढच्या वर्षी पाळी बदलायची. ज्याच्या शेतात पाणी आहे त्याच्या शेजाऱ्याचे पीक वेगळे नसल्याने पाणी चोरायला कारणच उरत नसे. पाणी सोडायला पाटकरी, देखरेखीला हवालदार आणि जागल्या, भांडण सोडवायला पंच. शेतकऱ्याने स्वतः पाण्याला हात लावायचा नाही, हा नियम. विश्वेश्वरय्यांनी पुढे १८९९च्या सुमारास दख्खनच्या कालव्यांवर ‘ब्लॉक’ पद्धत आणली. तिच्यात पिकांचे गट पाडून पाणी बांधून देण्याचा जो विचार आहे, तो फडाच्या इतका जवळचा आहे की पांझरा त्यांनी तरुणपणी पाहिली होती हे आठवल्याशिवाय राहत नाही. वर मोठी धरणे झाली तसे बरेच फड मोडले. पाणी किती आहे हे वाटण्याआधी ठरवायचे, ही फडाची पहिली अट. शिरपूरच्या गोष्टीत नेमकी हीच अट कुठे राहिली, ते पुढे येईल.

शिरपूरला पैसा सरकारचा नव्हता. तालुक्याचे नेते, आमदार आणि माजी मंत्री अमरीशभाई पटेल यांनी निवृत्त भूवैज्ञानिकाला बोलावले आणि त्यांच्या प्रियदर्शिनी सहकारी सूतगिरणीमार्फत काम उभे राहिले. निविदा, अंदाजपत्रक, मंजुरी, मार्चअखेर या चार शब्दांनी महाराष्ट्रातल्या निम्म्या बंधाऱ्यांची चव गेलेली आहे. इथे ते नव्हते. यंत्रे आपली, डिझेल आपले, मे महिन्यात नाला कोरडा असताना कामाला लागायचे आणि पाऊस येईपर्यंत थांबायचे नाही.

काम असे होते. आधी नाल्याची पाहणी करायची. गाळाच्या भागात वरची चिकण माती किती जाड आहे आणि तिच्याखाली वाळूचा थर कुठे लागतो, पाषाणाच्या भागात वरचा टणक थर फोडला की खाली मुरूम किंवा सच्छिद्र खडक कुठे आहे, हे बघायचे. मग नाला रुंद करायचा आणि तो थर लागेपर्यंत खोल न्यायचा, कधीकधी तीस-चाळीस फुटांपर्यंत. ठरावीक अंतरावर सिमेंटचे बंधारे. त्यांना दारे नाहीत. दारे म्हणजे चोरी, गंज, आणि पावसाच्या ऐन दिवशी दार बंद करायला माणूस नसणे. बंधारा भरला की पाणी त्याच्यावरून पुढच्यात जाते. अशी साखळी. खणलेली माती दोन्ही काठांना किंवा ज्याला हवी त्याच्या शेतात. वर्तमानपत्रांनी याला ‘नाल्याची अँजिओप्लास्टी’ म्हटले आणि ते नाव चिकटले.

दुसरा भाग कमी दिसणारा आणि माझ्या दृष्टीने जास्त हुशारीचा होता. अरुणावतीवरचे करवंद धरण आणि अनेर नदीवरचे धरण यांचे पावसाळ्यातले जादा पाणी सांडव्याने वाहून जायचे. ते पाटाने आणून कोरड्या पडलेल्या विहिरींत सोडायचे. ज्या विहिरींतून आयुष्यभर पाणी वर काढले, त्यांतूनच ते खाली पाठवायचे. चिकण मातीचा अडसर विहिरीने आधीच भेदलेला असतो, तेव्हा वेगळे खोदकाम लागत नाही. आधी पाणी गाळून घ्यावे लागते, नाहीतर वर्षभरात गाळाने विहिरीचे झरे बुजतात. हे काम फोटोत येत नाही. विहिरीत पडणाऱ्या पाण्याचा कुणी फ्लेक्स लावत नाही.

काम झालेल्या गावांत नाल्यांत उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकू लागले, आसपासच्या विहिरींना पाझर आला, शेतकरी दुसरे पीक घेऊ लागले. सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस असणाऱ्या तालुक्यात हे दिसले, तेव्हा पाहायला गर्दी होणारच. आमदार आले, मंत्री आले, मराठवाड्यातून शेतकऱ्यांच्या बसगाड्या आल्या. निवृत्त अधिकाऱ्याला नोकरीत असताना जेवढे श्रोते मिळाले नसतील, तेवढे आता एका दिवसात मिळू लागले. २०१२-१३च्या दुष्काळात मराठवाड्यातली धरणे तळाला गेली आणि ‘शिरपूर पॅटर्न’ हा शब्द विधिमंडळात, गावसभेत आणि चहाच्या टपरीवर एकाच वेळी बोलला जाऊ लागला.

आणि तिथेच वादाला तोंड फुटले. टीका करणारे लोक पाण्याचे वैरी नव्हते. जल-अभ्यासक प्रदीप पुरंदरे, पुण्याच्या ‘अॅक्वाडॅम’ संस्थेचे भूवैज्ञानिक हिमांशू कुलकर्णी यांच्यासारखी माणसे आयुष्यभर याच विषयात होती. त्यांच्या शंका सरळ होत्या. नाला हा भूजलाचा शेवटचा टप्पा असतो, सगळे पाणी नाल्याकडेच झिरपत येते. तो जलधराच्या, म्हणजे पाणी धरणाऱ्या थराच्या, खाली नेला तर वरच्या विहिरींतले पाणी नाल्यात उतरणार नाही कशावरून? तसे झाले तर नाला भरलेला दिसेल आणि पाणी मात्र नवे नसेल, शेजारच्या शेताखालचे असेल. वर अडवलेले पाणी खालच्या गावाच्या वाट्यातून वजा होते, त्याचे काय? गाळाच्या पट्ट्यात जे लागू पडते ते कठीण पाषाणात जसेच्या तसे लागू पडेल? माथ्यावर माती अडवली नाही तर खाली खोल केलेला नाला किती पावसाळे टिकेल? खुद्द सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनीही खोलीकरणाला मर्यादा घातल्या. भूजल खात्यातल्याच जुन्या सहकाऱ्यांना आपल्याच शास्त्राच्या नावाने चाललेल्या खोदकामाची धास्ती वाटू लागली होती.

या वादात खानापूरकरांची बाजू पोकळ होती असे मला वाटत नाही. शिरपुरात ते थर पाहून खोदत होते, त्यांच्या उत्तरात भूगर्भ होता. अडचण अशी की उत्तर शिरपूरचे होते आणि प्रश्न अख्ख्या महाराष्ट्राने विचारला. ‘इथे अठ्ठावीस फुटांवर वाळू आहे म्हणून अठ्ठावीस फूट’ या वाक्यातला मधला भाग शासकीय आदेशात मावत नाही. तिथे ‘अठ्ठावीस फूट’ तेवढे मावते. शिवाय थर ओळखणारा माणूस दर तालुक्याला लागतो, तर पोकलेन भाड्याने मिळतो.

एक प्रश्न टीकाकारांनी विचारला आणि शिरपूरकरांनी पुरता सोडवला नाही, तो फडाचा. पाणी वाढले, मग ते कुणी किती उपसायचे? पांझरेवर बंधारा आधी आणि पाळी नंतर असे कधीच झाले नाही, दोन्ही एकत्रच बांधले गेले. शिरपूरच्या मांडणीत भर होता तो भरण्यावर. उपशाला लगाम घालायचा कायदा राज्यात तयार होता. २००९चा भूजल अधिनियम २०१४ साली लागू झाला. खोल विहिरींवर बंधने, पीक आराखडा, पाणलोट समित्या, सगळे त्यात आहे. पण कायद्याचे उद्घाटन करता येत नाही.

डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आले. वर्षाला पाच हजार गावे, २०१९पर्यंत पंचवीस हजार गावे टंचाईमुक्त करायची. कागदावर त्यात माथा ते पायथा सगळे उपचार होते, चर होते, बांधबंदिस्ती होती. प्रत्यक्षात नाला खोलीकरण आणि रुंदीकरण हा सर्वांत लाडका उपचार ठरला, कारण तो यंत्राने होतो, मोजायला सोपा आणि दिसायला भव्य. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले, माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. सप्टेंबर २०२० मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल विधिमंडळात आला. ९,६०० कोटींहून अधिक खर्च होऊनही तपासलेल्या गावांत पाण्याची गरज आणि साठा यांचा मेळ बसलेला नाही आणि भूजलपातळी अपेक्षेप्रमाणे वाढलेली नाही, असा त्याचा सूर होता. राजकारण्यांनी तो आपापल्या सोयीने वाचला. शिरपूरचे नाव या सगळ्यात नकळत ओढले गेले. ज्या गावांत कुणी थर पाहिलेच नव्हते, त्यांच्या अपयशाचा हिशेबही त्याच्याच खात्यावर लिहिला गेला.

इकडे जळगावच्या बाजूला याहून जुने एक स्वप्न सरकारी कागदांत फिरत होते. सातपुड्याच्या पायथ्याशी डोंगरातून आलेल्या दगडगोट्यांचा आणि भरड रेतीचा एक लांबट पट्टा आहे. खानदेशात त्याला ‘बझाडा झोन’ म्हणतात. शेतकरी, पत्रकार, आमदार सगळे हा शब्द सहज वापरतात, एरवी भूशास्त्राच्या वर्गाबाहेर तो कानावर पडत नाही. चोपड्यापासून रावेरपर्यंत आणि पुढे बऱ्हाणपूरकडे गेलेल्या या पट्ट्यात पावसाळी नाले शिरतात आणि पाणी दिसेनासे होते. तिथे वर चिकण मातीचा अडसर नाही. म्हणजे जे काम शिरपुरात यंत्राने थर फोडून करावे लागले, ते निसर्गाने डोंगराच्या पायाशी आयते करून ठेवले आहे, पाणी तिथवर नेले पाहिजे एवढेच. तापीवर खारिया गुटीघाट इथे बंधारा बांधून दोन्ही बाजूंनी कालवे काढायचे आणि पुराचे पाणी या पट्ट्यात मुरवायचे, ही ती तापी मेगा रिचार्ज योजना.

१० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांच्यात तिचा करार झाला. एकूण ३१.१३ टीएमसी पाणी, त्यातले ११.७६ मध्य प्रदेशचे आणि १९.३६ महाराष्ट्राचे. करारावर दोन मुख्यमंत्र्यांच्या साक्षीने सह्या झाल्या, फोटो निघाले. कोणत्या गावाने मुरलेल्या पाण्यातून किती उपसायचे, याचे आकडे मात्र त्या बातम्यांत नव्हते. रावेर-यावलकडे केळीच्या बागा तेव्हाही उभ्या होत्या, आणि बोअर घेणाऱ्या गाड्या हंगामाप्रमाणे शिवारात फिरतच होत्या.